आमची स्टेपनी

घरातल्या ज्या वस्तू आपण कधीच वापरत नाही, त्यांच्यावर आपला फार विश्वास असतो. रोजच्या वापरातली कात्री बोथट झाली आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते. पण कपाटाच्या वरच्या फळीवरची टॉर्च वेळेला लागेलच, भाजल्यावर लावायचे मलम ट्यूबमध्ये सुकले नसेलच, आणि पाहुण्यांसाठी गुंडाळून ठेवलेल्या गादीत कापूसच असेल, दुसरे काही नसेल, अशी आपली खात्री असते. आमच्या मोटारीच्या डिकीत वर्षानुवर्षे झोपून असलेल्या स्टेपनीबद्दल माझी खात्री याच जातीची होती.

मोटार म्हटल्यावर वाचकांनी बिचकू नये. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि ही गाडी आम्ही २०१९ मध्ये माझ्या एका सहकाऱ्याकडून घेतली. त्याने ती सहा वर्षे वापरली होती. माणूस हौशी. मूळची लोखंडी चाके काढून त्याने चकचकीत अलॉयची चाके बसवली होती. "चारही टायर नवे कोरे आहेत," असे त्याने सांगितले, तेव्हा मी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून चार मोजले आणि समाधानाने चेक लिहिला. गाडीला चाके पाच असतात, हे त्या क्षणी मला आठवले नाही.

गाडी घेतली मी, पण चालवते मुख्यतः ही. हिची नोकरी बँकेत. बदली झाली सासवडला. रोज सकाळी हडपसर, वडकी, मग दिवे घाट चढून पलीकडे, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. याच घाटातून ज्येष्ठात ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी जाते. चढण अशी की त्या दिवशी रथाला जादा बैलजोड्या लावतात. वारकऱ्यांना जे शहाणपण शतकानुशतके आहे, म्हणजे चढणीला काहीतरी जादा हाताशी असावे, ते आमच्या घरात २०२५ च्या जुलैपर्यंत आले नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी मी खुर्चीत बसून उत्तरपत्रिका तपासत होतो. बाहेर पाऊस लागला होता. साडेसहाच्या सुमाराला हिचा फोन आला.

"अहो, टायर गेला. घाटातच आहे मी. खड्ड्यातल्या दगडाची धार लागली बहुतेक."

"मग स्टेपनी आहे ना!" मी म्हणालो. हे वाक्य मी ज्या सुरात म्हटले, तो सूर मला अजून ऐकू येतो. एखाद्या विद्यार्थ्याने ग्रंथालयात असलेल्याच पुस्तकाची तक्रार करावी आणि आपण त्याला कपाट दाखवावे, तसा तो सूर होता.

भाजीचा एक टेम्पो थांबला. चालक आणि बरोबरचा पोरगा, दोघे उतरले. त्यांनी पावसात जॅक लावला, चाक काढले, स्टेपनी चढवली आणि जॅक खाली घेतला. जॅक खाली आला तशी स्टेपनीही खाली आली. तव्यावरची फुगलेली भाकरी उलथने टेकवताच बसते, तशी बसली. हवा नव्हतीच. पोराने टॉर्च मारून पाहिले तर टायरच्या बाजूला सगळीकडे बारीक बारीक भेगा होत्या. "ताई, हा टायर म्हातारा होऊन मेलाय," असे तो म्हणाल्याचे हिने मला नंतर सांगितले.

मी शेजाऱ्यांच्या गाडीतून पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. रस्त्याच्या कडेला, दिवे लुकलुकत ठेवलेल्या गाडीत ही ओल्या साडीने बसली होती, आणि दर दोन मिनिटांनी एखादा ट्रक अंगावर पाणी उडवून जात होता. टेम्पोवाले बिचारे मी येईपर्यंत थांबले होते. घरी आलो नऊच्या पुढे.

ती काही बोलली नाही. ज्यांच्या लग्नाला वीस वर्षे झाली आहेत, त्यांना 'काही बोलली नाही' याचा अर्थ सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा सव्वा तास आधी उठली, डबा भरला आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "मी बसने जाते. गाडी राहू दे खालीच."

अशी ती रोज जाऊ लागली. संध्याकाळी यायला आठ वाजायचे. आमचे चिरंजीव अकरावीत आहेत. ते स्वतः पोहे करून खाऊ लागले आणि त्यांनी केलेले पोहे मलाही खावे लागू लागले. गाडी खाली धूळ खात उभी. मला कळून चुकले की पंक्चर काढून आणणे सोपे आहे. पण गाडीवरचा, आणि 'स्टेपनी आहे ना' म्हणणाऱ्या माणसावरचा, हिचा विश्वास पुन्हा भरून आणायचा तर आधी ती स्टेपनी खरीखुरी आणली पाहिजे.

मराठीचा माणूस कोणतेही काम शब्दापासून सुरू करतो. 'स्टेपनी' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि तो इंग्रजीत अतिरिक्त चाकाचा सर्वसाधारण शब्द असेल असे धरून चाललो होतो. तसे नाही. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस नावाच्या भावांनी १९०४ च्या सुमारास एक युक्ती काढली. त्या वेळच्या मोटारींना जादा चाक नसेच. टायर फुटला की रस्त्यावरच तो उतरवून ठिगळ लावत बसायचे. या भावांनी टायर चढवलेली, आरे नसलेली एक नुसती धाव केली. ती फुटलेल्या चाकाला बाजूने आवळून लावायची आणि घर गाठायचे. गल्लीचे नाव वस्तूला चिकटले. खुद्द विलायतेत आज हा शब्द ऐकू येत नाही. भारतात, बांगलादेशात आणि माल्टासारख्या बेटावर तो सुखाने नांदतो आहे. 'डिकी'चेही तसेच. जुन्या दोन आसनी मोटारींत मागचे झाकण उघडले की आत एक जादा बैठक निघे, तिचे हे नाव. बैठक गेली, झाकण राहिले, आणि आपण त्यात बॅगा ठेवू लागलो. अमेरिकेत हिलाच ट्रंक म्हणतात. पण आपल्याकडे ट्रंक म्हणजे पलंगाखालची, डांबरगोळ्यांचा वास येणारी, म्हणून तो शब्द आपण घेतला नाही हे बरेच झाले.

एवढे संशोधन झाल्यावर मी डिकी उघडली. वरचा पुठ्ठ्याचा तक्ता उचलला. खाली गोल खळगा आणि त्यात आमची मयत स्टेपनी.

टायरच्या अंगावर एवढे लिहिलेले असते याची मला कल्पना नव्हती. एखादा ताम्रपट वाचावा तसा मी आणि चिरंजीव तो वाचत बसलो. एका लंबवर्तुळात चार आकडे होते: ३४१३. चिरंजीवांनी सांगितले की पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. म्हणजे २०१३ सालचा चौतिसावा आठवडा, ऑगस्ट महिना. त्या ऑगस्टात हेच चिरंजीव बालवाडीत जाताना रडत होते. रबर नुसते पडून राहिले तरी हवेने आणि उष्णतेने कडक होत जाते, तडकते. वापरलेच नाही म्हणून ते नवे राहत नाही. दहा वर्षे झाली की टायर वरून कितीही चांगला दिसो, बदलावा, आणि त्यात स्टेपनीही आली, असे टायर करणारे स्वतःच सांगतात. आमची बारा वर्षांची होती. सबंध आयुष्यात ती एक मैलही धावली नव्हती, आणि तरी म्हातारपणाने गेली होती.

दुसरा लेख असा: १६५/८० आर १४. आणि गाडीला लावलेल्या चार चकचकीत चाकांवर: १८५/६५ आर १५. हे वाचून मी एकदम शहाणा झालो. चाके पंधराची आणि स्टेपनी चौदाची! मापच चुकीचे. नवी घ्यायची ती पंधराचीच.

चिरंजीवांनी फ्रिजच्या जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि दोरी व पेन्सिल लावून डिकीतल्या खळग्याच्या मापाचे एक गोल कापले. चांगले दोन फुटांहून मोठे वर्तुळ झाले. ते बगलेत मारून मी रिक्षाने नाना पेठेत गेलो. पुण्यात मोटारीचा सुटा भाग म्हटला की माणूस नाना पेठेत जातो. रिक्षावाल्याने आरशातून दोनतीनदा पाहिले आणि शेवटी विचारलेच, "साहेब, केकवाले का?"

तिथल्या एका दुकानात मी पुठ्ठ्याचे गोल पुढे केले. मालकाने १८५/६५ आर १५ चे लोखंडी रिमवर चढवलेले कोरे चाक काढले, पुठ्ठ्यावर ठेवले. तंतोतंत! मी पैसे मोजले.

घरी येऊन चाक खळग्यात ठेवले तर ते अर्ध्यावर जाऊन अडले. पुठ्ठ्याचे गोल अगदी तळापर्यंत जात होते, चाक जाईना. मग लक्षात आले की मी फक्त घेर मोजला होता. पुठ्ठ्याला जाडी नसते, टायरला असते. खळगा काही सरळ भिंतीचा डबा नव्हे. परातीसारखा खाली निमुळता होत जातो. जाड टायर त्यात वरच अडकून बसतो. तक्ता ठेवला तर तो मधोमध टेकून दोन्ही बाजूंनी डुलू लागला. हिच्या ऑफिसची पिशवी डावीकडे ठेवली की उजवी बाजू वर यायची. आणि स्टेपनी मधोमध आवळून धरणारा जो लांब बोल्ट असतो, तो रिमच्या भोकातून वर येईचना. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. न आवळलेले, पंधरासोळा किलोंचे चाक डिकीत मोकळे असले तर जोराचा ब्रेक लागल्यावर ते कुठे जाईल याचा भरवसा नाही.

दुकानात फोन केला. मालक म्हणाले, "सर, हवा काढून ठेवा ना त्यातली. बसेल मग. बरोबर एक छोटा पंप ठेवायचा."

म्हणजे डिकीत हवा नसलेली स्टेपनी ठेवायची. ती तर आमच्याकडे होतीच.

चाक परत घेताना त्यांनी थोडे पैसे कापले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मोजमाप माझे होते. जाता जाता त्यांनी आणखी एक तोड सुचवली: हल्ली काही गाड्यांत सडपातळ स्टेपनी देतात, ती घ्या. दुसऱ्या कुठल्याशा गाडीतून निघालेली एक त्यांच्याकडे होतीही. अंगाने सायकलच्या थोरल्या बहिणीसारखी. वजन कमी, खळग्यात ती बसली असती, वर पाण्याची कळशी राहिली असती. मला ती फार आवडली. पण एव्हाना मी एकट्याने शहाणे न होण्याचे ठरवले होते. तिचे आकडे कागदावर उतरवून मी घरी आलो आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांना गाठले. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो.

काकांनी चहा मागवला, चष्मा लावला आणि चिरंजीवांना कागद पेन्सिल घ्यायला सांगितले. पुढचा अर्धा तास जे झाले ते मी शाळेत असताना झाले असते, तर मी मराठीकडे गेलो नसतो असे क्षणभर वाटून गेले.

"पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये," काका म्हणाले. "दुसरा उंचीचा, पण तो मिलिमीटर नाही. रुंदीच्या शेकडा किती, ते. आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचात. एका ओळीत तीन भाषा आहेत. मग लोक फसतात."

१६५ च्या शेकडा ८० म्हणजे १३२. टायर रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून दुप्पट, २६४. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. एकूण ६१९.६. आता दुसरे: १८५ चे शेकडा ६५ म्हणजे सव्वाशेच्या आत, १२०.२५, दुप्पट २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१. एकूण ६२१.५.

चिरंजीवांनी बेरीज दोनदा करून पाहिली. फरक दोन मिलिमीटरही नव्हता.

"म्हणजे चौदाचे आणि पंधराचे चाक एकाच उंचीचे?" मी विचारले.

"जवळजवळ. एकात रबर जास्त, लोखंड कमी. दुसऱ्यात उलट. तुमच्या मित्राने पंधराची चाके घातली, ती हा हिशेब करूनच घातली असणार. फरक आहे तो रुंदीत. दोन सेंटिमीटर. तोच तुमच्या परातीत मावला नाही."

मग मी सडपातळ स्टेपनीचे आकडे पुढे केले: १२५/७०, रिम १५. बेरीज आली ५५६. म्हणजे बाकीच्या चाकांपेक्षा साडेसहा सेंटिमीटर ठेंगणी. काकांनी मान हलवली. ज्या गाडीसाठी ती घडवलेली असते तिथे ती ठीक. ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचे नाही असे तिच्यावर छापलेलेच असते, आणि हवा साध्या टायरच्या दुपटीने, साठ पौंडांपर्यंत भरावी लागते. पण आपल्या गाडीत ती पुढच्या, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवते त्या, चाकांपैकी एकाच्या जागी लावली तर एक पाय आखूड आणि एक लांब अशी गत होते. लहान चाकाला सारखे जास्त फिरावे लागते, दोन चाकांतला फरक सांभाळणारे दातचक्र झिजते, ब्रेकचे यंत्रही गोंधळते. पुढचे चाक फुटले तर मग मागचे काढून पुढे लावायचे आणि ही ठेंगणी मागे. म्हणजे एकाच्या जागी दोन चाके बदलायची. "आणि भोके मोजलीत का?" काकांनी शेवटी विचारले. मी मोजली नव्हती. आमच्या चाकाला चार बोल्ट. तिला पाच होते, असे दुसऱ्या दिवशी फोनवर कळले.

"स्टेपनी ठेवूच नका मग," चिरंजीव म्हणाले. "नव्या बऱ्याच गाड्यांत नसतेच." ते खरे आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे सामान गाडीत असेल तर लहान मोटारींना जादा चाकाची सक्ती राहिली नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना बॅटरीसाठी जागा लागते, त्यांना याचा फायदा झाला. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत सीएनजीची टाकी बसवली आहे. त्यांच्या डिकीत आता टाकी राहते आणि स्टेपनी तिच्याखाली इतकी खोल गेली आहे की ती काढण्यापेक्षा ते रिक्षा करतात. पण ते दुरुस्तीचे सामान कशाला चालते? खिळा घुसला, जमिनीवर टेकणाऱ्या भागाला भोक पडले, तर. हिच्या टायरची बाजू दगडाने करंगळीएवढी चिरली होती. तिथे कोणतीही पेस्ट आणि कोणताही पंप उपयोगाचा नव्हता.

"मग करायचे काय?" मी विचारले.

काका माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, जे होते तेच घ्या! तो खळगा १६५ च्या टायरसाठीच केलेला आहे. गाडीचे मूळ चाक तेच, म्हणजे रिम ब्रेकवर अडकणार नाही. उंची जुळते. टायरवर ८५ हा भाराचा आकडा असला की तो ५१५ किलो पेलतो. तुमच्या चारचाकांतल्या एकाच्या वाट्याला एवढे येतच नाही. रिम तर तुमच्या डिकीतच आहे. नुसता टायर बदला!"

महिनाभर नाना पेठेच्या वाऱ्या केल्या त्या मी कशासाठी, हे त्यांनी विचारले नाही, हा त्यांचा मोठेपणा. रिम पोराने पॉलिश कागदाने घासली, गंज काढला, रंग दिला. टायर नवा घेतला, त्याच्यावरचे चार आकडे मी स्वतः दुकानदाराकडून बाहेर उजेडात वाचून घेतले, व्हॉल्व्हही नवा बसवला. चाक खळग्यात ठेवले. ते असे अलगद जाऊन बसले की जणू खळगा त्याची वाटच बघत होता. बोल्ट वर आला. तक्ता सपाट.

ही बाल्कनीतून बघत होती. संध्याकाळी खाली आली. रविवार होता.

"छान बसली," ती म्हणाली. "आता काढून दाखवा."

मी काढून दाखवली.

"तुम्ही नाही. मला काढू द्या."

इथे मला पहिल्यांदा कळले की इतके दिवस आम्ही तिघे पुरुष चाक डिकीत कसे मावेल याचाच विचार करत होतो. ते बाहेर कोण काढणार, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही कागदावर नव्हता. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेना, म्हणून चिरंजीवांनी स्वतःला वजन करायच्या यंत्रावर चाक घेऊन उभे केले आणि वजाबाकी केली. चौदा किलो भरले. नाना पेठेतले ते रुंद चाक त्याहून दोनअडीच किलो जड होते, आणि खोल खळग्यातून वाकून दोन किलो म्हणजे काय, हे ही ज्या कमरेने रोज दोन तास बसमध्ये उभी राहत होती तिला विचारावे.

हिने पदर खोचला. काका वरून खुर्ची घेऊन आले. आणि मग दीड तास आमच्या इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत जे झाले, त्यात माझे काम फक्त दगड आणून देण्याचे होते. हँडब्रेक, पहिला गिअर, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकामागे दगड. जॅक लावण्याआधी नट ढिले करायचे, चाक हवेत उचलल्यावर ते नुसतेच गरगरते. गाडीबरोबर आलेला आखूड पाना हिच्या हाताने हलेना. काकांनी त्यावर पाय ठेवून अंगाचे वजन टाकायला सांगितले; एक नट सुटला, दुसरा सुटेना. तेव्हा फुलीच्या आकाराचा मोठा पाना आणायचे ठरले. एका हाताने खाली दाबायचे, दुसऱ्याने वर ओढायचे. त्याने सगळे सुटतात.

आणि त्यातच एक नवे संकट उघडकीला आले. अलॉयच्या चाकांचे नट लोखंडी रिमवर नीट बसेनात. त्यांची तोंडे वेगळ्या आकाराची. आवळल्यासारखे वाटायचे, पण रिम जराशी हलतच राहायची. घाटात त्या रात्री स्टेपनीत हवा असती आणि ही त्या नटांवर घर गाठायला निघाली असती तर काय झाले असते, याचा विचार मी मुद्दामच पुढे नेला नाही. सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, ते जुने नट ना? आहेत माझ्याकडे. श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेत." सहा वर्षे ते त्याच्या माळ्यावर होते. डबा आला. त्यातले चार नट एका कापडी पिशवीत बांधून आम्ही स्टेपनीच्या रिमच्या पोकळीत ठेवले. त्याच पोकळीत फुलीचा पाना तिरका बसला.

दुसऱ्या रविवारी हिने पुन्हा चाक बदलले. चाक हाताने उचलून बोल्टांवर धरायचे नाही, ही युक्ती तिची तिनेच काढली. जमिनीवर बसायचे, पाना टायरखाली सारायचा आणि तरफेसारखा दाबायचा. चाक आपोआप वर येते आणि बोल्टांवर बसते. काकांनी टाळ्या वाजवल्या. नट आवळायचे ते समोरासमोरचे, एकाआड एक, भाजणीच्या डब्याचे झाकण चहूकडून सारखे दाबावे तसे. चिरंजीवांनी वेळ लावली होती: सत्तावीस मिनिटे.

सोमवारी सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठली. गाडीच्या किल्ल्या घेतल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे 'गॅस लावला' आणि 'दूध दोन' असे लिहिलेले असते, तिथे दर महिन्याच्या एक तारखेला तिने 'स्टेपनी हवा' असे लिहून ठेवले होते. डिसेंबरपर्यंत. ते काम माझ्याकडे आहे. पेट्रोल पंपावरचा मुलगा चार चाकांत हवा भरून पाइप गुंडाळू लागला की मी डिकी उघडतो, आणि तो माझ्याकडे जरा त्रासून बघतो.

ऑक्टोबर लागल्यावर एका संध्याकाळी, साडेसहाच्या सुमारालाच, फोन वाजला. मी उत्तरपत्रिका बाजूला ठेवली.

"अहो, पंक्चर झालंय. वडकीच्या अलीकडे."

"निघतो मी," मी म्हणालो. 'स्टेपनी' हा शब्द मी तोंडातून निघू दिला नाही.

"कशाला? चाक बदलून झालं. नट डब्यातलेच लावले. इथून पुढचा पंक्चरवाला बघते आणि येते." मग जरा थांबून ती म्हणाली, "हात मात्र कोपरापर्यंत काळे झालेत. डिकीत पाण्याची एक बाटली आणि साबणाची वडी ठेवायला हवी होती. तुम्ही एवढं मोजलंत, तेवढं राहिलं बघा."

मी खाली जाऊन गाडीची वाट बघत उभा राहिलो. रिमच्या पोकळीत पाना आणि नटांची पिशवी ठेवल्यावर बाटलीला जागा उरते का, ते बघायचे होते. बाटली उभी राहत नाही. पण आडवी ठेवली तर, अर्ध्या लिटरची, बसते.